उशाशी पेन्सिल: स्वप्न, जागरण आणि कल्पनेतून चित्र काढू पाहणाऱ्यांसाठी

स्वप्नातून चित्र काढायला बसलेल्या नवशिक्याच्या कागदावर बहुतेक वेळा तेच ते उतरतं. पूर्ण चंद्र, एक मोठा डोळा, पंखांचा घोडा, वितळलेलं घड्याळ. यातलं काहीच त्याच्या स्वप्नात आलेलं नसतं. दुसऱ्यांची चित्रं आणि मोबाइलवरचे वॉलपेपर पाहून ‘स्वप्न असं दिसतं’ अशी एक समजूत डोक्यात बसलेली असते, तीच कागदावर येते. सांगलीतल्या माणसाला खरोखर काय स्वप्न पडतं? गणपती पेठेतलं ओळखीचं दुकान, पण आत शाळेचा वर्ग भरलेला. वारलेली आजी, पण तिच्या हातात तुमच्या ऑफिसची किल्ली. आयर्विन पूल जसाच्या तसा, पण खाली पाण्याच्या जागी हळद. जवळजवळ सगळं नेहमीचं असतं आणि एखादीच गोष्ट जागची हललेली असते.

चित्रही तसंच करायचं. एक गोष्ट स्वप्नातली, बाकी सगळं दिवसाउजेडी नीट पाहून घेतलेलं. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीसाठी आहेत.

स्पॅनिश चित्रकार साल्व्हादोर दालीचं वितळत्या घड्याळांचं १९३१ सालचं चित्र स्वप्नचित्राचा नमुना म्हणून सगळीकडे दाखवलं जातं. ते जेमतेम २४ बाय ३३ सेंटिमीटरचं आहे, झेरॉक्सच्या कागदाहून थोडंच मोठं. त्यातले मागचे कडे कॅटालोनियात त्याच्या घराजवळच्या किनाऱ्यावरचे आहेत, बारकाईने पाहून रंगवलेले. खडक इतके टणक आहेत म्हणून घड्याळं मऊ वाटतात. सगळंच वितळवलं असतं तर काहीच वितळलेलं दिसलं नसतं.

उशाशी काय ठेवायचं

ए-फाइव्ह मापाची कोरी वही, रेघा नसलेली. कागद १४० ते १५० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) असला तर पेन्सिल दाबून चालली तरी मागे उमटत नाही. ४बी किंवा ६बीच्या, म्हणजे मऊ आणि गडद, दोन पेन्सिली, टोक जरा बोथट केलेलं. अंधारात टोकदार पेन्सिल कागद फाडते. बॉलपेन नको, कारण उताणं पडून लिहिताना शाई खाली उतरत नाही. जेलपेन टोपण न लावता हातातून सुटतं आणि चादरीला डाग पडतो. एक पेन्सिल सुतळीने वहीलाच बांधून टाका. पहाटे पेन्सिल शोधायला पलंगाखाली वाकलं की स्वप्न गेलंच. वहीखाली धरायला जाड पुठ्ठा हवा.

उजेडासाठी देवघरात लावतात तसा लाल झिरोचा बल्ब सगळ्यात चांगला. अंधाराला सरावलेले डोळे लाल मंद उजेडाने फारसे दिपत नाहीत. मोबाइलचा टॉर्च लावू नका. दिपण्याचा प्रश्न आहेच, पण मोबाइल हातात आला की आधी मेसेज दिसतो आणि डोक्यातली जागा तो घेतो.

मच्छरदाणी लावत असाल तर हे सगळं सामान मच्छरदाणीच्या आत ठेवा. उन्हाळ्यात गच्चीवर झोपणाऱ्यांची चांगली सोय होते, कारण पहाटेचा उजेड हळूहळू जागं करतो आणि दचकून उठणं टळतं. वही मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावी, रात्रीच्या दमटपणाने कागद नरम पडतो.

झोपण्यापूर्वी दहा मिनिटं घरातली एखादीच वस्तू पाहून काढा. अडकित्ता, भाकरीची टोपली, खुंटीवरचा शर्ट, काहीही. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण इथे कामाला येते: दिवसभरात पाहिलेल्या गोष्टींचे तुकडे स्वप्नात येतात, आणि दिवे मालवण्यापूर्वी डोळे भरून पाहिलेली वस्तू येण्याचा संभव जास्त. रोज येईलच असं नाही. न आली तरी दहा मिनिटांचा सराव झालेला असतो.

जाग आल्यावरची पाच मिनिटं

झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी होते. प्रत्येक फेरीच्या शेवटी, मिटल्या पापण्यांमागे बुबुळं भराभर हलतात असा एक टप्पा येतो, आणि ठसठशीत स्वप्नं बहुतेक त्यातच पडतात. रात्रीच्या सुरुवातीला हा टप्पा काही मिनिटांचा असतो, पहाटेकडे तो लांबत जातो. पहाटेच्या स्वप्नांना आपल्याकडे मान आहे तो ती खरी होतात म्हणून. चित्रकाराने त्यांना मान द्यावा तो ती लांब, रंगीत आणि जाग येण्याच्या अगदी जवळची असतात म्हणून. याच कारणाने झोप कापून स्वप्नं मिळत नाहीत. पाच तासच झोपलात तर जो भाग हवा तोच गेला.

जाग आली की हलायचं नाही. डोळे उघडायचे नाहीत. कूस बदलली, घड्याळ पाहिलं, कुणाशी एक शब्द बोललात, की मिनिटा-दोन मिनिटांत स्वप्न विरतं. आहात तसेच पडून राहा आणि शेवटचं दृश्य आधी धरा. त्याच्या आधी काय होतं? त्याच्या आधी? असं उलटं मागे जायचं. सुरुवातीपासून आठवायला गेलं तर सुरुवात कधीच सापडत नाही. काहीच आठवत नसेल तर रात्री ज्या कुशीवर झोपला होतात त्या कुशीवर हळूच वळा, पुष्कळदा त्याने एखादा तुकडा परत येतो.

मग वही. आणि इथे सगळ्यात जास्त चूक होते: लोक लिहायला लागतात. आधी काढायचं, मग लिहायचं. ‘मी घाटावर गेले आणि मग मामा भेटला आणि मग’ असं एकदा लिहिलं की स्वप्नाची गोष्ट होते. गोष्टीला क्रम असतो, चित्राला जागा असते. शब्द आले की जागा पुसली जाते, आणि नंतर चित्र काढताना तुम्ही स्वतःच्या वाक्यांना चित्र जोडत बसता.

काढण्याचा क्रम ठरवून घ्या म्हणजे अर्धवट झोपेत विचार करावा लागत नाही. आधी चौकट, आडवी की उभी. मग डोळ्यांची पातळी दाखवणारी एक आडवी रेघ: तुम्ही वरून बघत होतात, खालून, की समोरून? मग सगळ्यात मोठा काळा आकार, पेन्सिल आडवी धरून भरून टाकायचा. मग उजेड कुठून येत होता त्याचा बाण. शेवटी ती जागची हललेली गोष्ट. एवढ्याला दोन मिनिटं पुरतात. चेहरे काढू नका, ते आठवत नसतातच. आठवतं ते ‘ही मावशी होती’ एवढं ज्ञान, आणि ते खाली एका शब्दात लिहिता येतं.

खाली पाच ते दहा शब्द. रंगांची नावं ट्यूबवरची लिहू नका, घरातली लिहा: शेवाळी, चहाच्या गाळासारखा, पिकल्या लिंबाच्या सालीसारखा. ‘निळा’ लिहिलंत तर संध्याकाळी वाचून काही कळणार नाही. ‘पाटीवर ओलं फडकं फिरवल्यावरचा’ लिहिलंत तर कळेल.

पहिल्या आठवड्यात पानं कोरी राहिली तर तारीख टाकून ‘काही नाही’ लिहा आणि जाग येताना जे वाटत होतं त्याचा फक्त एक करडा डाग काढा, गडद किंवा फिका. हा खाडा न पडू देणंच महत्त्वाचं असतं. रोज विचारलं की आठवण हळूहळू उत्तर द्यायला लागते. गजराने उठावं लागत असेल तर कर्कश गजर बदलून हळू चढत जाणारा लावा, आणि खरी मेहनत रविवारी करा.

नऊ चौकटी

उषा आणि चित्रलेखेची गोष्ट आपल्याला कीर्तनातून, पुराणातून ठाऊक आहे. बाणासुराची मुलगी उषा स्वप्नात एका तरुणाला पाहते, पण तो कोण हे तिला सांगता येत नाही. तिची सखी चित्रलेखा देव, गंधर्व, माणसं अशी एकेकाची चित्रं काढत जाते, आणि अनिरुद्धाचं चित्र पुढे येताच उषा त्याला ओळखते. या गोष्टीत चित्रकाराला लागणारी सगळी पद्धत आहे. स्वप्नाची आठवण वर्णन करू शकत नाही, पण ओळखू शकते. म्हणून तिच्यापुढे पर्याय ठेवत जायचे. चित्रलेखा आणि उषा दोघीही तुम्हीच.

त्याच दिवशी, शक्यतो संध्याकाळच्या आत, ए-फोर कागदावर सहा बाय आठ सेंटिमीटरच्या नऊ चौकटी आखा. प्रत्येकीत पहाटेचंच दृश्य, पण दर वेळी एकच गोष्ट बदलायची. एकीत डोळ्यांची पातळी वर, एकीत खाली. एकीत उजेड डावीकडून, एकीत मागून. एकीत ती विचित्र गोष्ट मोठी आणि मध्यभागी, एकीत कोपऱ्यात लहान. प्रत्येकीला दोन मिनिटं. खोडरबर घेऊ नका. काढता काढता एखाद्या चौकटीपाशी पोटात ‘हेच!’ असं होतं. तिथे खूण करायची आणि थांबायचं. नऊ चौकटींत नाही झालं तर दुसऱ्या दिवशी आणखी नऊ. अठरांतही नाही झालं तर ते पान सोडून द्या. सगळी स्वप्नं चित्राच्या कामाची नसतात, आणि हट्टाने रंगवलेलं स्वप्न कुणालाच पटत नाही, काढणाऱ्यालाही.

गंमत अशी की ‘हेच’ म्हणून निवडलेली चौकट बऱ्याचदा विचित्र गोष्ट लहान ठेवलेली असते. नवशिक्याला ती मोठी दाखवायची घाई असते.

दुसऱ्याचं स्वप्न रंगवायचं असेल तरी हीच रीत. मुघल दरबारातल्या अबुल हसनने साधारण १६१८ च्या सुमारास बादशहा जहांगीरचं एक स्वप्न रंगवलं: पृथ्वीच्या गोलावर उभे राहून जहांगीर इराणच्या शाह अब्बासला मिठी मारतो आहे, एकाच्या पायाखाली सिंह, दुसऱ्याच्या पायाखाली मेंढी. जहांगीर आणि अब्बास प्रत्यक्षात कधीच भेटले नव्हते. तरी अंगावरचे कपडे, दागिने, प्राण्यांच्या अंगावरचे केस, सगळं एखाद्या नोंदीइतकं अचूक आहे. आईचं किंवा मित्राचं स्वप्न काढायला घेतलंत तर त्यांच्यासमोर बसून नऊ चौकटी काढा आणि त्यांना फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू द्या.

दुपारची डुलकी

झोप लागण्याच्या उंबरठ्यावर, झापड येते त्या क्षणी, डोळ्यांपुढे तुकडे येतात: जाळ्या, चेहरे, सरकणारी जमीन. ते स्वप्नांपेक्षा लहान असतात आणि त्यांना गोष्ट नसते, म्हणून चित्राला ते अधिक सोयीचे. दालीने यासाठी एक युक्ती सांगून ठेवली आहे. हात असलेल्या खुर्चीत बसायचं, अंगठा आणि तर्जनी यांत एक जड किल्ली धरायची, खाली फरशीवर ताट पालथं ठेवायचं. झोप लागताच बोटं सैल होतात, किल्ली ताटावर पडते, जाग येते.

किल्लीऐवजी स्टीलचा मोठा चमचा चालतो. जेवणानंतर अर्ध्या-पाऊण तासाने बसा. पलंगावर आडवं होऊन ही युक्ती चालत नाही, हात गादीवर राहतो आणि तुम्ही सरळ झोपता. मान मागे टेकलेली हवी आणि हात खुर्चीच्या बाहेर लोंबता. चमचा पडला की लगेच, डोळे पूर्ण न उघडता, एक मिनिट काढायचं. एका बैठकीत तीन-चार वेळा पुरे, सगळं मिळून वीस मिनिटं. चहा आधी घेऊ नका. चमचा पडूनही जाग येत नसेल तर तुम्हाला झोपेची गरज आहे. त्या दिवशी झोपा, चित्र उद्या.

डोळ्याला डोळा लागत नाही तेव्हा

आधी एक स्पष्ट सांगायला हवं. चित्रासाठी मुद्दाम जागू नका. जागरणाने हात थरथरतो, निर्णय चुकतात, आणि दुसऱ्या दिवशीची नजर मंद होते. हा भाग आपोआप आलेल्या निद्रानाशासाठी आहे. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री असं होत असेल आणि ते तीन महिने चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवा. त्यावर चांगले उपाय आहेत, आणि चित्र हा त्यांच्याऐवजीचा उपाय नाही. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात, म्हणून संध्याकाळचा शेवटचा चहा कधी घेता ते आधी तपासा.

झोप येत नसेल तर अंथरुणात चित्र काढू नका. अंथरूण झोपेसाठीच राहू द्या. दुसऱ्या खोलीत, खिडकीपाशी, मंद उजेडात बसा. अर्धा तास. झोप आली की रेघ अर्धवट असली तरी उठायचं.

लुईज बुर्ज्वा या शिल्पकर्तीने वयाची ऐंशी ओलांडल्यावर, नोव्हेंबर १९९४ ते जून १९९५ या काळात, निद्रानाशाच्या रात्रींत २२० रेखाटनं केली. हाताशी येईल तो कागद, साधं पेन, पेन्सिल. पुष्कळ रेखाटनांत एकच आकार पुन्हा पुन्हा येतो: लाटांच्या रेघा, गुंडाळे, वर्तुळं. रात्री डोकं एकाच गोष्टीभोवती फिरतं, तर हातालाही तेच करू द्यायचं. रात्रीचं काम सुंदर करायला जाऊ नका. त्याच त्या रेघा पानभर काढत राहिलात की तिसऱ्या-चौथ्या पानावर त्या आपोआप काहीतरी व्हायला लागतात.

आणि ऐका. रात्र डोळ्यांपेक्षा कानाला जास्त देते. ऊसतोडीच्या दिवसांत, साधारण नोव्हेंबर ते मार्च, सांगलीच्या आसपास रात्रभर वाहतूक चालते: कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्यांच्या घुंगरांचा आवाज, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरवरची गाणी, मधेच एक जड शांतता. पावसाळ्यात नदीकाठी पाण्याचा एक सुरातला घोष. हे आवाज रेघेत काढून पाहा. घुंगरांसाठी तुटक टिंबं, जवळ येताना दाट आणि मोठी, लांब जाताना विरळ. ट्रॅक्टरसाठी एक जाड चारकोलची पट्टी. दिसायला हे काहीच नाही. पण पुढे एखाद्या मोठ्या चित्रात रस्ता रंगवताना त्यातली लय उपयोगी पडते, आणि ती कुठल्याही फोटोत मिळणार नाही.

रात्री रंग निवडायचे नाहीत. याला दोन कारणं आहेत. पहिलं, पिवळट बल्बखाली फिका पिवळा आणि पांढरा जवळजवळ सारखेच दिसतात. रात्री लावलेला लिंबू पिवळा सकाळी अंगावर येतो, आणि निळे रात्री मळकट दिसतात म्हणून तुम्ही ते जास्त लावलेले असतात. दुसरं कारण डोळ्यांचं. अंधारात डोळ्यांच्या ज्या पेशी काम करतात त्यांना लाल रंग जवळपास दिसत नाही, निळसर-हिरवा तुलनेने उजळ दिसतो. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये याने एकोणिसाव्या शतकात हे नोंदवलं. तुम्हाला अंगणातच पाहता येईल: लाल जास्वंद दिवसा पानांपेक्षा झळाळते, आणि चांदण्यात ती काळी पडते, पानं तिच्याहून उजळ होतात. त्यासाठी डोळ्यांना अंधारात वीस-तीस मिनिटं द्यावी लागतात, मधे एकदाही मोबाइल न बघता.

हे रात्रीच्या चित्रासाठी फार मोलाचं आहे. नवशिके रात्र दाखवायला सगळ्यावर काळा किंवा निळा फिरवतात आणि तरीही फूल लालच ठेवतात. तसं केलं की रात्र खोटी पडते. फूल काळपट करा, पानं करडी-हिरवी आणि त्याहून उजळ करा. आकाशात काळा एक थेंबही न घालता रात्र होईल. मात्र हे चांदण्यातल्या रात्रीसाठी. समई किंवा बल्ब चित्रात असेल तर त्याच्या उजेडातले लाल रंग जिवंत राहतात.

भीतिदायक स्वप्नाने उठून झोप गेली असेल तर ते त्याच रात्री रंगवू नका. छातीवर कुणी बसलंय, अंग हलत नाही, खोलीत कुणी उभं आहे, असं कित्येकांना होतं. झोपेतून जागं होताना शरीर क्षणभर मागे राहतं म्हणून ते होतं, ती बाहेरची बाधा नाही. दिवसाउजेडी त्या स्वप्नाचं शेवटचं दृश्य काढा, आणि शेजारच्या चौकटीत तेच दृश्य तुम्हाला हवं तसं बदललेलं. दार उघडं. दिवा लागलेला. फार त्रास होत असेल तर एकट्याने वहीशी झगडू नका, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा.

जागेपणी

काहींना स्वप्नं आठवतच नाहीत. त्यांनी भिंतीकडे पाहावं. लिओनार्दो दा विंचीने आपल्या शिकाऊंना हेच सांगितलं होतं: डाग पडलेल्या भिंतींत डोंगर, नद्या, लढाया दिसतात. सांगलीत ओल आलेल्या भिंतींना तोटा नाही, आणि ऑगस्ट २०१९ च्या पुराचे डाग तर काही घरांच्या भिंतींवर माणसाच्या डोक्याहून वर होते. एका डागासमोर पाच मिनिटं बसा. डाग जसाच्या तसा काढा आणि मग त्यात फक्त तीन रेघा घाला. तीनच. चौथी घातली की तुम्ही डागाकडून काही घेण्याऐवजी त्याच्यावर लादायला लागता.

दुसरी रीत घासून ठसा घेण्याची. जर्मन चित्रकार माक्स अर्न्स्टने १९२५ मध्ये लाकडी फळ्यांवर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि उमटलेल्या रेषांतून जंगलं, पक्षी शोधले. पातळ कागद (६० ते ७० जीएसएम पुरे) टाक्या मारलेल्या पाट्यावर, जात्यावर, सागवानी दारावर, घाटाच्या दगडी पायरीवर चिमट्याने घट्ट बसवा आणि काळी मेणखडी आडवी धरून हलकी फिरवा. कागद हलला की ठसा दुहेरी होतो. जाड कागदावर ठसा उमटत नाही, दाबलं तर मेण चोपडतं.

रवींद्रनाथ ठाकूर कवितेच्या हस्तलिखितातले खोडलेले शब्द एकमेकांना जोडत त्यातून पशुपक्षी काढायचे, आणि त्यातूनच ते चित्रकलेत शिरले. १९३० मध्ये पॅरिसला त्यांचं पहिलं प्रदर्शन भरलं. हिशेबाच्या वहीत खाडाखोड असेल तर तीही चालेल.

एक चित्र शेवटपर्यंत

समजा वहीत असं आहे: माजघरातून खाली घाटाच्या पायऱ्या उतरतात, तळाशी नदीचं पाणी, पाण्याजवळच्या पायरीवर समई. शब्द: ‘कोरडं, थंड, शेवाळी, तुपासारखा उजेड’. इथे जागची हललेली गोष्ट एकच, घरात घाट. तेव्हा माजघर खरं हवं आणि घाटही खरा हवा.

कृष्णेच्या घाटावर किंवा हरिपूरला संगमावर सकाळी जा. सर्वांत वरच्या पायरीवर उभे राहून खाली बघा आणि काढा. नवशिके पायऱ्या नेहमी खालून वर बघितल्यासारख्या काढतात, प्रत्येक पायरीची उभी बाजू दाखवून. वरून बघताना ती दिसत नाही; फक्त आडव्या फरश्या दिसतात, एकाखाली एक, दूरची पट्टी जवळच्या पट्टीहून अरुंद. हे डोक्यातून सुचत नाही, तिथे उभं राहिल्यावरच कळतं. पाण्याच्या कडेला दगड कुठवर काळा आहे, शेवाळ कुठल्या पायरीपासून सुरू होतं, तेही टिपा. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात या खुणा वेगवेगळ्या पायऱ्यांवर असतात. पावसाळ्यात पाणी वाढलेलं असताना काठावर जाऊ नका. मग घरी येऊन समई खरोखर लावा, खोलीतले दिवे घालवा आणि पायाशी, खांद्याशी, भिंतीवर उजेड कुठवर पोचतो ते पेन्सिलने तीन छटांत काढा: पांढरा, करडा, काळा. समईचा उजेड कल्पनेपेक्षा फार लवकर संपतो.

कागद ३०० जीएसएमचा, पूर्ण शीट ५६ बाय ७६ सेंटिमीटरचा असतो, त्याचा चौथा भाग म्हणजे २८ बाय ३८. पहिल्या चित्राला एवढाच घ्या. चारी बाजूंनी कागदी चिकटपट्टीने बोर्डवर बसवा. जलरंग पाचच: यलो ऑकर, लेमन यलो, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू. काळी ट्यूब लांब ठेवा.

पेन्सिलचं रेखाटन हलकं. ज्योतीची जागा कोरी ठेवायची, कागदाचा पांढरा हाच तुमचा सगळ्यात उजळ रंग. तिच्याभोवती तळहाताएवढी जागा स्वच्छ पाण्याने ओली करा आणि कडेने अगदी पातळ यलो ऑकर सोडा, तो ज्योतीकडे आपोआप सरकून फिका होतो. पूर्ण वाळू द्या. आता अंधार: दोन भाग अल्ट्रामरीन, एक भाग बर्न्ट सिएना, भरपूर पाणी. एकदा लावा, वाळू द्या, दुसऱ्यांदा थोडी जागा सोडून लावा, वाळू द्या, तिसऱ्यांदा फक्त सगळ्यात काळ्या कोपऱ्यांत. एकाच वेळी गडद लावलं तर रंग वाळून खडूसारखा फिका आणि चट्ट्याचट्ट्यांचा होतो, मग वरून फिरवायला जाल तर खालचा उचलून येतो आणि चिखल होतो. पाण्याला प्रशियन ब्लूमध्ये जराशी बर्न्ट सिएना. प्रशियन ब्लू फार जोरकस आहे, ब्रशच्या टोकाएवढाच घ्या. ज्योतीचं प्रतिबिंब पाण्यात सरळ खाली येतं, बाजूला नाही. ज्योतीच्या गाभ्यात अगदी शेवटी लेमन यलोचा एक थेंब.

जुलै-ऑगस्टमध्ये एकेक थर वाळायला दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. पंखा लावा, पण कागदावर थेट झोत नको, रंग एका बाजूला ढकलला जातो. तैलरंग वापरत असाल तर टर्पेंटाइनची बाटली झोपायच्या खोलीत उघडी ठेवू नका, वास रात्रभर छातीत जातो.

हळदीनं रंगवायचा मोह सांगलीत अनेकांना होतो. रंग सुंदर येतो, पण उजेडात काही दिवसांतच उडतो, आणि चुन्यासारखं काही लागलं की लाल होतो. पारंपरिक कुंकू त्यावरच बनतं. वहीत वापरा, भिंतीवर लावायच्या चित्रात नको. हळदीतून घ्यायचंच तर आकार घ्या. हरिपूरची हळद साठवायची पेवं, वर जेमतेम माणूस उतरेल एवढं तोंड आणि जमिनीखाली मोठी पोकळी, यासारखी स्वप्नाजोगी जागा दुसरीकडे सापडणं कठीण.

कल्पनेतला प्रसंग खऱ्या कापडाने आणि खऱ्या उजेडाने कसा उभा करतात हे पाहायचं तर सातारा जिल्ह्यातल्या औंधला जा. स्वतः चित्रकार असलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत. पुराणातली पात्रं कुणी पाहिलेली नाहीत, पण साडीची प्रत्येक चुणी पाहिलेली आहे. पेन्सिल-वही घेऊन जा आणि एकाच चित्रासमोर अर्धा तास थांबा. दोन हात नि एक पदर काढून झाला तरी पुष्कळ.

झालेल्या चित्राच्या मागे पेन्सिलने स्वप्नाची तारीख, वहीचा पान क्रमांक आणि कुठे जाऊन काय पाहिलं ते लिहा. पेनने लिहिलं तर शाई पुढे झिरपते. पावसाळ्यात चित्रं आणि वह्या भिंतीला टेकवून ठेवू नका, बुरशीचे तपकिरी ठिपके पडतात. फळीवर, भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, मधे कोरे कागद घाला, आणि उघडीप मिळाली की सावलीत एकदा वारा द्या.